टाचेमागची शीर तुटल्यावर पुन्हा मैदानात

आसपास कोणी नसतं. चेंडूही दोन पावलं लांब असतो. खेळाडू मागचा पाय रोवून पुढे झेपावतो आणि त्याच क्षणी टाचेच्या वर 'फट्' असा आवाज होतो. मागून कोणीतरी लाथ घातली, असं वाटून तो रागाने वळतो, तर मागे मोकळं मैदान. १४ मार्च २०१० रोजी मिलानच्या सान सिरोवर डेव्हिड बेकहॅमचं हेच झालं. जळगावच्या छत्रपती शिवाजी महाराज क्रीडा संकुलात, भुसावळच्या रेल्वे मैदानावर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर सुटीच्या दिवशी खेळणाऱ्या पोराचं होतं, तेव्हाही शीर तीच असते आणि तुटण्याची जागाही तीच. फरक पडतो तो पुढच्या तासाभरात, आणि मग पुढच्या वर्षभरात.

बेकहॅम तेव्हा ३४ वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात डॉ. साकारी ओरावा यांनी त्याची शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक हुकला, पण ११ सप्टेंबरला तो लॉस एंजेलिस गॅलक्सीकडून पुन्हा मैदानात उतरला आणि २०११ व २०१२ अशी सलग दोन वर्षं त्या संघाबरोबर अमेरिकेतली लीग जिंकला. म्हणजे परत येता येतं. खानदेशातल्या पालकांना आणि खेळाडूंना माझं सांगणं एवढंच आहे की या दुखापतीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त इतर दोन वेळांना ठरतं. एक म्हणजे पहिला दिवस, जेव्हा 'पाय मुरगळला' म्हणून सगळे मोकळे होतात. दुसरी म्हणजे तिसरा महिना, जेव्हा 'चालायला लागला, झाला बरा' म्हणून सगळे मोकळे होतात. आपल्याकडची बहुतेक पोरं या दोनपैकी एका ठिकाणी मागे पडतात.

आधी आकडे बघू, कारण घरात पहिला प्रश्न 'पुन्हा खेळता येईल का' हाच असतो. शीर तुटून शस्त्रक्रिया झालेल्या ११८ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले ९६ टक्के पुन्हा पूर्ण सरावात आले. प्रत्यक्ष सामना खेळायला त्यांना सरासरी २७४ दिवस, म्हणजे नऊ महिने लागले. पुढच्या दोन मोसमांनंतरही आधीच्याच दर्जाला खेळत राहिलेले ८२ टक्के होते. सुमारे ८ टक्के खेळाडूंची तीच शीर पुन्हा तुटली. तिशी ओलांडलेल्यांना जुना दर्जा गाठणं जास्त जड गेलं. बास्केटबॉलचं चित्र यापेक्षा कडक आहे: एनबीएमधल्या अशा १८ खेळाडूंचा अभ्यास झाला, त्यातले सात पुन्हा कधीच परतले नाहीत. तिथे उडी आणि लगेच दुसरी उडी हाच खेळ असतो.

फुटबॉलचे हे आकडे धीर देणारे आहेत, पण ते कोणाचे आहेत हे विसरू नका. त्या खेळाडूंना रोज सकाळी क्लबचा फिजिओ समोर उभा होता, पगार चालू होता आणि बरं होणं हीच त्यांची नोकरी होती. आपल्या पोराला कॉलेजला जायचं असतं, बऱ्याचदा घरची शेती किंवा दुकान असतं. तो आठ टक्क्यांत जाणार की ब्याऐंशींत, हे त्याला मिळणाऱ्या वेळेवर आणि शिस्तीवर अवलंबून आहे.

आता पहिला दिवस. अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीचे दोन मोठे स्नायू एकत्र येऊन टाचेच्या हाडाला जिथे जोडले जातात, ती जाड शीर. साधारण १५ सेंटिमीटर लांब, शरीरातली सगळ्यात दणकट. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वर तिचा रक्तपुरवठा कमी असतो आणि ती बहुतेक वेळा तिथेच तुटते. गंमत वाटेल, पण तुटल्यावर खूप दुखतंच असं नाही. खेळाडू लंगडत का होईना चालतो आणि पायाची बोटं हलवून दाखवतो, कारण बोटांना जाणाऱ्या शिरा वेगळ्या असतात आणि त्या शाबूत असतात. म्हणूनच दवाखान्यातसुद्धा पहिल्या तपासणीत पाचातली एक तरी केस निसटते. एक्स-रे काढला जातो, हाड शाबूत दिसतं, क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं जातं. एक्स-रेत शीर दिसत नाही.

यावरचा उपाय मैदानावरच होऊ शकतो आणि तो प्रत्येक प्रशिक्षकाला, क्रीडाशिक्षकाला आणि संघाच्या कप्तानाला यायला हवा. खेळाडूला बाकावर पालथं झोपवा. दोन्ही पावलं बाकाच्या कडेबाहेर मोकळी राहू द्या. आधी चांगल्या पायाची पोटरी मधोमध हाताच्या पंज्यात धरून आवळा. पाऊल आपोआप हलेल. चवड्यावर उभं राहताना ते जसं ताणलं जातं, तसं. आता दुखऱ्या पायाची पोटरी तशीच आवळा. पाऊल जागचं हललं नाही, तर शीर तुटली आहे असंच धरून चाला. तेवढ्यात आणखी एक गोष्ट बघून घ्या. पालथं झोपल्यावर चांगला पाय थोडा टोकदार होऊन लोंबतो, तुटलेला मात्र जवळजवळ सरळ खाली लटकतो. टाचेच्या वर बोट फिरवलं तर बऱ्याचदा खळगा लागतो. सूज चढल्यावर हा खळगा भरून जातो, म्हणून ही तपासणी पहिल्या अर्ध्या तासातच करायची.

मग त्या पायावर भार टाकू देऊ नका. बूट काढा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, चवडा किंचित खाली झुकलेला ठेवून पुठ्ठ्याचा किंवा पट्टीचा आधार बांधा आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, लेप बांधायचा नाही. आपल्याकडे गावोगाव हाडवैद्य आहेत आणि मुरगळलेल्या पायासाठी लोकांचा त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे. पण तुटलेली शीर चोळून जुळत नाही. उलट वरचा तुकडा पोटरीकडे ओढला जातो आणि दर आठवड्याला दोन टोकांमधलं अंतर वाढतं. तीन-चार आठवडे असे गेले की साधी शिवण पुरत नाही. पोटरीतूनच पट्टी काढून किंवा अंगठ्याकडे जाणारी शीर वळवून जोडावी लागते. त्यानंतरही माणूस नीट चालतो, बरेच जण खेळतातही, पण वाट लांबते आणि पोटरीची ताकद आणखी घटते. शक्यतो पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत निर्णय व्हावा. शंका असेल तर सोनोग्राफी पुरते. एमआरआयची दरवेळी गरज नसते.

धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहेत. खासगी रुग्णालयात जाणार असाल तर दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हा उपचार तिथे बसतो का. बिल हातात आल्यावर विचारून काही हाती लागत नाही. शाळा किंवा कॉलेजच्या स्पर्धेत दुखापत झाली असेल तर संस्थेने विद्यार्थ्यांचा अपघात विमा काढलेला आहे का, हेही त्याच दिवशी विचारा आणि क्रीडाशिक्षकांकडून घटनेची लेखी नोंद करून घ्या.

शस्त्रक्रिया करायची की नाही? इथे लोकांना वाटतं तेवढं एकतर्फी उत्तर नाही. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींची उघडी शस्त्रक्रिया केली, काहींची छोट्या छेदातून, आणि काहींना शस्त्रक्रियेविना चवडा खाली ठेवून आधाराचा बूट घातला. वर्षभरानंतर तिन्ही गटांचं रोजचं चालणं-वागणं जवळजवळ सारखं होतं. शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के होतं. उलट बाजूला, छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेत ५.२ टक्के आणि उघडीत २.८ टक्के रुग्णांच्या संवेदनेच्या नसेला इजा झाली. शस्त्रक्रियेविना हे प्रमाण ०.६ टक्के होतं. माझं मत असं: ज्याला पुन्हा स्पर्धात्मक फुटबॉल खेळायचं आहे, ज्याचं वय कमी आहे, ज्याला मधुमेह नाही, त्याने डॉक्टरांशी शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलावं. पंचेचाळिशीतल्या, मधुमेह असलेल्या, आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर खेळणाऱ्या माणसाने शस्त्रक्रियेविना होणारा उपचार कमी प्रतीचा समजू नये. फक्त तो लगेच सुरू व्हायला हवा आणि बूट नेमाने घालायला हवा.

जो मार्ग निवडाल, त्यात तंबाखूला जागा नाही. गुटखा, चुन्याची तंबाखू, मशेरी, बिडी यांपैकी काहीही असो, निकोटिन लहान रक्तवाहिन्या आवळतं आणि टाचेमागे मुळातच रक्त कमी पोचतं. जखम चिघळली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण स्पेनचा सांती काझोर्ला. आर्सेनलकडून खेळताना २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तो जखमी होऊन मैदानाबाहेर पडला आणि पुढे टाचेत जंतुसंसर्ग झाला. अकिलीसचा सुमारे आठ सेंटिमीटर भाग जंतूंनी खाल्ला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. हाताची कोपराखालची कातडी काढून घोट्याला लावली. तिच्यावर मुलीच्या नावाचं गोंदण होतं, त्यातला अर्धा भाग आज त्याच्या पायावर आहे. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान माना, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते. तो २०१८ मध्ये व्हियारेयालकडून परतला, २०१९ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघात आला आणि चाळिशीत, २०२५ मध्ये, आपल्या गावच्या ओव्हिएदो संघाला स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये घेऊन गेला. ही गोष्ट मी धीर द्यायला सांगतो आणि घाबरवायलाही. टाक्यांतून पाणी येणं, जखमेभोवती लाली, ताप यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तसंच पाय जखडलेला असताना पोटरी अचानक सुजून टणक झाली, दुखू लागली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर रात्री दोन वाजता असलं तरी रुग्णालयात जा. रक्ताची गाठ असू शकते आणि तिथे तास मोजले जातात.

घरी आल्यावरचे पहिले सहा-आठ आठवडे परदेशी पुस्तकात नीट सापडणार नाहीत, कारण ती पुस्तकं आपल्या घरासाठी लिहिलेली नाहीत. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो. संडासात, न्हाणीत, जेवताना, शेतात. उकिडवं बसल्यावर गुडघा पुढे जातो, पाऊल नडगीकडे वळतं आणि अकिलीस पूर्ण ताणली जाते. नुकती शिवलेली शीर या ताणाने तुटली नाही तरी लांबते, आणि लांबून जुळलेली शीर हेच या दुखापतीतलं सगळ्यात छुपं नुकसान आहे. दिसायला पाय बरा असतो, चालणंही ठीक असतं, पण पोटरी कितीही आवळली तरी टाच पुरती उचलत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी येण्याच्या दिवशीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. औषधाच्या मोठ्या दुकानांत मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. न्हाणीत प्लॅस्टिकचं उंच स्टूल ठेवा. प्लॅस्टरला पिशवी बांधा.

आधाराचा बूट मिळाला असेल तर त्यात टाचेखाली पाचरी असतात आणि त्या डॉक्टर सांगतील तशा एकेक करून काढायच्या असतात. हा बूट घरातही घालायचा, देवघरात जातानाही. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इतकी मुरलेली आहे की पोरगं नकळत अनवाणी उठतं आणि टाच टेकवतं. आईने किंवा आजीने एकदा स्पष्ट सांगितलं की देवाला चालतं, की प्रश्न मिटतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या उकाड्यात प्लॅस्टरच्या आत प्रचंड खाज सुटते. पट्टी, पेन्सिल, विणायची सुई आत घालू नका. कातडी फाटली की जखमेला निमंत्रण. मोटरसायकल इतक्यात नाही. उजवा पाय असेल तर ब्रेक आणि डावा असेल तर गिअर, दोन्ही चवड्यावरच चालतात. जेवणात वेगळं काही लागत नाही: उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, शेंगदाणे, अंडी, दूध. फक्त पोरगं पडून आहे म्हणून त्याचं जेवण अर्ध्यावर आणू नका.

साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान बूट निघतो, कुबड्या कोपऱ्यात जातात आणि घराला हायसं वाटतं. धोका खरा इथे आहे. याच काळात शीर पुन्हा तुटण्याची भीती मोठी असते, कारण पाय दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून आत्मविश्वास वाढतो. गल्लीत चेंडू आला की पाय आपोआप पुढे जातो. ओट्यावरून उतरताना पाय निसटतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात घसरतो. शीर जुळली आहे, पण अजून कच्ची आहे. आणि पोटरी तर जवळजवळ गेलेली आहे. गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांना शिंप्याची टेप लावून बघा, फरक लगेच दिसेल.

पुढचे सहा महिने काय करायचं हे एका चाचणीभोवती फिरतं आणि तिच्यासाठी भिंत आणि पेन्सिल पुरते. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर भिंतीशी अनवाणी उभं राहा, बोटांची टोकं फक्त तोलासाठी भिंतीला लावा, गुडघा सरळ ठेवा. आधी चांगल्या पायावर एकट्याने चवड्यावर उठा. टाच जिथपर्यंत गेली तिथे घरातल्या कोणीतरी भिंतीवर खूण करावी. आता त्या खुणेपर्यंत किती वेळा उठता येतं ते मोजा. वीस-पंचवीस वेळा जमायला हवं. मग दुखऱ्या पायाचं तेच. तिसऱ्या महिन्यात बहुतेकांना एकदाही जमत नाही. घाबरू नका, हे अपेक्षित आहे. आधी दोन्ही पायांवर उठायचं. मग दोन्हींवर उठून एकावर हळूहळू उतरायचं. मग एकावरच. मग पाठीवर दप्तर, दप्तरात पाण्याच्या बाटल्या. याशिवाय खुर्चीवर बसून, गुडघ्यांवर धान्याची पिशवी ठेवून टाचा उचलायच्या, कारण पोटरीच्या आतल्या स्नायूला गुडघा वाकलेला असतानाच खरं काम मिळतं. दर पंधरा दिवसांनी खुणेची उंची वहीत लिहा, उठण्याची संख्याही. माझ्या मते उंची जास्त महत्त्वाची. पंचवीस वेळा अर्धवट उठणाऱ्यापेक्षा खुणेपर्यंत दहा वेळा उठणारा पुढे आहे.

एक चूक फार पोरं करतात आणि ती मनापासून करतात. शीर आखडल्यासारखी वाटते म्हणून पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडतात आणि ताणत बसतात. पहिल्या चार-पाच महिन्यांत हे करायचं नाही. आखडलेली शीर वापरात हळूहळू सैल होते. लांबलेली शीर आखूड करायला पुन्हा शस्त्रक्रियाच लागते.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीहून दर दिवसाआड फिजिओकडे येणं शक्य नसतं, हे मान्य. मग पंधरवड्यातून एकदा या, पण त्या भेटीत पुढच्या पंधरा दिवसांचा व्यायाम कागदावर लिहून घ्या आणि स्वतः करत असतानाचा व्हिडिओ त्यांच्यासमोर मोबाइलवर काढून घ्या. घरी तोच लावून करा. शेक देणारी यंत्रं आणि करंट यांवरच सगळ्या भेटी संपत असतील, तर नम्रपणे विचारा की पोटरीची ताकद वाढवायचा व्यायाम कधी सुरू होणार. तो या उपचाराचा गाभा आहे.

मैदानाकडे परतीची वाट साधारण अशी: चौथ्या-पाचव्या महिन्यात सरळ रेषेत हलकं पळणं, तेही एका पायावर टाच उचलता येऊ लागल्यावरच. मग वळणं. मग चेंडूबरोबर. सहाव्या-सातव्या महिन्यात उड्या, अचानक थांबणं, दिशा बदलणं. त्यानंतर संघाबरोबर किमान महिनाभर पूर्ण सराव, आणि मगच सामना. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचं अंतर मोजा. दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यायला हवं. चेल्सीचा कॅलम हडसन-ओडोई अठराव्या वर्षी एप्रिल २०१९ मध्ये जायबंदी झाला आणि सप्टेंबरमध्ये खेळला. त्याच क्लबचा रूबेन लॉफ्टस-चीक मे २०१९ मध्ये जायबंदी झाला आणि जून २०२० मध्ये परतला. डॉक्टर, फिजिओ, जिम सगळं सारखं, आणि काळ दुपटीहून जास्त. पॅरिसच्या प्रेस्नेल किंपेंबेची शीर फेब्रुवारी २०२३ मध्ये तुटली आणि सामन्यात उतरायला त्याला जवळजवळ दोन वर्षं लागली. म्हणून 'अमक्याला सहा महिने लागले, तुला का लागतात' हा प्रश्न घरात कोणी विचारू नये.

घाई कशी अंगाशी येते हे क्रिकेटमध्येही दिसलं. मोहम्मद शमी दुखरा पाय घेऊन २०२३ चा विश्वचषक खेळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या अकिलीसवर शस्त्रक्रिया झाली. परतायच्या बेतात असताना गुडघा सुजला आणि मुक्काम वाढला. नोव्हेंबरमध्ये रणजी सामन्यासाठी तो इंदूरला उतरला. धुळ्याहून आग्रा रोडने सरळ वर गेलं की जे गाव लागतं तिथे. पहिल्याच डावात चार बळी. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीत बांगलादेशविरुद्ध पाच. शस्त्रक्रिया ते पहिला सामना, नऊ महिने. 

एवढं सगळं करूनही काही उरतं का? उरतं. वर्षांनंतर मोजलं तरी दुखऱ्या पोटरीची ताकद बऱ्याच जणांत दहा ते तीस टक्के कमी भरते आणि पोटरी डोळ्यांना बारीक दिसते. बचावफळीत किंवा गोलजाळ्यात खेळणारा अनुभवावर ती तूट भरून काढतो. कडेने सुसाट धावणाऱ्याला पहिल्या तीन पावलांत ती जाणवते. त्याने प्रशिक्षकाशी बसून जागा बदलण्याबद्दल बोलावं, त्यात कमीपणा नाही. पहिल्या मोसमात पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात, एका दिवशी दोन सामने नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये काळी माती दगडासारखी वाळते तेव्हा स्क्रूचे लांब स्टड नाहीत. आखूड रबरी स्टडचे टर्फ बूट घाला.

खानदेशातल्या कित्येक फुटबॉलपटूंच्या डोक्यात पोलीस भरतीही असते. १६०० मीटरची धाव, १०० मीटरची धाव आणि गोळाफेक, तिन्हींत पोटरी लागते, आणि १०० मीटरची झेप तर अकिलीसची सगळ्यात कठोर परीक्षा. सहा-सात महिने झाले असताना भरती निघाली तर एक संधी सोडा. वयाची अट जवळ आलेली असेल तर हे लिहायला सोपं आणि पाळायला कठीण आहे, याची मला जाणीव आहे. तरीही सांगतो, कारण दुसऱ्यांदा तुटलेल्या शिरेवर पुढची भरतीही जाते आणि फुटबॉलही.

ज्यांची शीर तुटलेली नाही पण दुखते, त्यांच्यासाठी थोडं. युरोपातल्या क्लबांच्या २००१ ते २०१२ या काळातल्या पाहणीत अकिलीसच्या २०३ तक्रारींपैकी ९६ टक्के अशाच नुसत्या दुखण्याच्या होत्या. तुटण्याच्या फक्त नऊ. मात्र जे लवकर परतले त्यांचं दुखणं ३१ टक्के वेळा उलटलं, जे थांबले त्यांचं १३ टक्के. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच आखडते, वॉर्म-अप झाला की बरं वाटतं, रात्री पुन्हा ठणकते: अशी लक्षणं असतील तर गोळ्या खाऊन खेळत राहू नका. फ्रान्सचा लॉरां कोसिएल्नी अशी दुखरी शीर वर्षानुवर्षं घेऊन खेळला, मे २०१८ मध्ये ती तुटली आणि दोन महिन्यांनी फ्रान्स त्याच्याविना विश्वविजेता झाला. या दुखण्यावर स्वीडनच्या डॉ. हाकान आल्फ्रेडसन यांचा १९९८ चा व्यायाम अजून चालतो: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाने यायचं, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून तीन, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी, बूट घासतो तिथे असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच करा.

आणि औषधांबद्दल. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं जुलाब, लघवीचा त्रास, टायफॉइड यांसाठी आपल्याकडे सर्रास दिली जातात आणि दुकानातून परस्परही घेतली जातात. ती अकिलीस कमकुवत करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच त्यांच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा घालायला लावला. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. दुखऱ्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणंही तितकंच वाईट. दोन दिवस बरं वाटतं आणि शीर आतून विरते. दवाखान्यात गेल्यावर 'मी फुटबॉल खेळतो' हे आधी सांगा. यातली गोळी अपरिहार्य असेल तर ती चालू असेपर्यंत आणि नंतरही काही आठवडे जोराचा सराव बंद ठेवा. टाचेमागे दुखू लागलं तर खेळ तिथल्या तिथे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घ्या.